बखरकारांचा वेढा

पुढच्या दाराला कुलूप घालून बखरकारांनी किल्ली खिशात टाकली आणि खुर्ची दारालाच टेकवून ठाण मांडलं. टीव्हीवर वेढ्याचा माहितीपट सुरू होत होता. समोर कोचावर मुलगी उशी मांडीवर घेऊन बसली होती. आज तिला घराबाहेर पाऊल टाकू द्यायचं नाही, हे त्यांनी सकाळीच जाहीर केलं होतं.

बखरकार हे नाव मेहुण्याने चेष्टेने ठेवलेलं. त्यांना मात्र ती पदवी वाटायची. पेपर उघडला की संपादक गाढव, ऐतिहासिक मालिका लावली की दिग्दर्शक गाढव. एकदा एका सेनापतीच्या बुटाला चेन दिसली, तर आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. ऐकता ऐकता कोणाला जांभई आली की तोही अडाण्यांत जमा. अख्खी दुनिया बिनडोक आणि हे एकटे नाकाने कांदे सोलणारे.

मुलीने लग्नासाठी पसंत केलेला मुलगा फरशा विकायचा. तो घरी आला तेव्हा यांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही, सरळ परीक्षाच घेतली. तोफा आधी की बंदुका? तो बिचारा म्हणाला, माहीत नाही काका. झालं. पणजोबाच्या पलीकडचं काही ठाऊक नसलेल्या माणसाच्या घरात माझी मुलगी जाणार नाही, असा निकाल तिथल्या तिथे लागला.

आणि काल माळ्यावर बॅग सापडली. ग्रंथांच्या खोक्यांमागे दडवलेली, कुलूप लावलेली, चांगली जड. ती खाली आणून त्यांनी विचारलं, ही कोणाची? बायकोच्या हातातलं झाकण खाली पडलं. मुलगी मात्र शांतपणे म्हणाली, “माझी आहे.”

म्हणजे पोरगी पळून जाणार होती तर! बखरकारांनी बायकोला फैलावर घेतलं. घरात काय शिजतंय ते हिला कळत नाही, हिला फक्त भांडी कळतात. बायकोने पडलेलं झाकण उचलून पुसलं. शेवटी त्यांनी ती बॅग तिच्याच हवाली केली. उद्या स्वयंपाकघरातून हलायचं नाही, मागच्या दारावर तुझा पहारा, एवढं तरी जमेल ना? ती म्हणाली, “जमेल.”

तशी बायकोला अलीकडे थोडी अक्कल येत चालली होती, असं त्यांचं मत. आधी तिने शिलाई मशीन मैत्रिणीकडे देऊन टाकलं. त्या कोपऱ्यात पुस्तकांचं कपाट आलं. मग तिची ट्रंक गेली, मग कपाटातला तिचा कप्पा रिकामा झाला. प्रत्येक वेळी बखरकार तिथे ग्रंथ रचायचे आणि म्हणायचे, चला, हाही प्रांत आपल्याकडे आला. ती म्हणायची, घ्या. एवढ्या वर्षांच्या शिकवणीचं फळ, दुसरं काय!

माहितीपट सुरू झाला आणि नवलच घडलं. मुलगी प्रश्न विचारू लागली. वेढा म्हणजे नक्की काय? रसद कशी तोडतात? आतल्यांना कळत नाही का? जन्मात कधी न विचारलेले प्रश्न. बखरकार फुलले. पडद्यावरच्या निवेदकाचा आवाज बंद करून ते स्वतःच सांगू लागले. फरशीवाल्याचं भूत उतरतंय, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

स्वयंपाकघरात रेडिओ मोठ्याने चालू होता. तो कमी कर, असं ते दोनदा ओरडले. कमी झाला नाही. गाढवापुढे वाचली गीता, असं पुटपुटून त्यांनी नाद सोडला.

“राहू द्या हो, बाबा,” मुलगी म्हणाली. “मग पुढे काय झालं? किल्ला पडला?”

“पडला कसला! आतले लोक केव्हाच निसटले होते, चोरदिंडीने. लहानसं दार असतं, मागच्या अंगाला. जाताना तटावर दिवे मात्र लावून ठेवले. बाहेरचे मूर्ख दिवे बघत बसले. त्यांना वाटलं, माणसं आत आहेत.”

“आणि त्यांचा सेनापती?”

“तो महामूर्ख. मोठ्या दरवाजासमोर छावणी टाकून बसला होता!”

ते पोट धरून हसले. मुलगी हसली नाही. तिने घड्याळाकडे पाहिलं आणि उशी बाजूला ठेवली.

एवढं बोलून घसा कोरडा पडला होता. त्यांनी चहासाठी हाक मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. मग चिडून उठले आणि त्या रेडिओचा एकदाचा निकाल लावायला आत गेले.

रेडिओ ओट्यावर एकटाच बोलत होता. मागचं दार सताड उघडं होतं. दाराशी ठेवलेली बॅग नव्हती. त्यांनी दचकून मागे वळून पाहिलं. मुलगी उंबऱ्यात उभी होती, घरातल्याच चपला घालून, रिकाम्या हातांनी.

“ती बॅग माझी नव्हती, बाबा.”