पाण्याखालचा ठोकळा

ज्योत्स्ना प्रयोगशाळेत स्मृतिभ्रंश झालेले उंदीर सांभाळायची. त्यांना पाण्याच्या टाकीत सोडलं, की पाण्याखाली दडवलेल्या ठोकळ्याची जागा आठवून तो शोधावा लागायचा. बहुतेक उंदीर नुसते गोल गोल पोहत राहायचे. ज्यांना तीन महिने चाकावर पळवलं होतं, ते मात्र सरळ ठोकळ्यावर जाऊन उभे राहायचे.

हे पाहिल्यापासून ती पवनानगरच्या धरणाकाठच्या रस्त्यावर वडिलांना, आबांना, रोज तासभर चालवू लागली. आबांना लेकीचं नावही आठवत नव्हतं.

“कुटं चाललोय आपण?”

“कुटं न्हाई आबा. नुसतं चालायचं.”

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी अंगणात आबा म्हणाले, “ज्योत्स्ना, मी घरी जातो. आई वाट बघत आसंल.”

दोन वर्षांनी बापाच्या तोंडून आपलं नाव ऐकून तिला रडूच फुटलं. भावाला फोन लावायला ती आत पळाली. बाहेर आली तेव्हा अंगणात कुणी नव्हतं.

आबांच्या वहाणा धरणाच्या काठावर सापडल्या. त्यांचं जुनं घर पन्नास वर्षांपूर्वी तिथंच पाण्याखाली गेलं होतं. चिखलातली पावलं कुठंही न घुटमळता सरळ पाण्यात गेली होती.