फोटो कुणी काढले?

सुलक्षणानं स्लाइड पुन्हा मागे घेतली आणि तिची खात्री पटली.

लाल खडकाची प्रचंड कमान, तिच्यावर बर्फाचा पातळ थर आणि खाली उभा राहून हसणारा माधव. त्याच्या बुटांपाशी एक लांब सावली येऊन थांबली होती. फोटो काढणाऱ्याची. ढगळ कोट, वाऱ्यानं उडालेले आखूड केस. ती बाई होती.

सकाळच्या पोस्टानं स्लाइड्स धुऊन आल्या होत्या. माधव हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर होता, म्हणून तिनंच पाकीट उघडलं. नॉटिंगहॅमच्या त्या जानेवारीत दुपारीसुद्धा उजेड नव्हताच. पडदे ओढून तिनं प्रोजेक्टर लावला होता.

नाताळाच्या आधी माधव कॉन्फरन्ससाठी अमेरिकेला गेला. ती संपल्यावर यूटाच्या वाळवंटात आठवडाभर गाडीनं हिंडला. एकेक नॅशनल पार्क बघत. "एकटाच फिरतोय गं," असं फोनवर म्हणाला होता. तेव्हा तिला नुसता त्या प्रवासाचा हेवा वाटला होता. तिच्या वाट्याला सुट्टी म्हणजे इथलाच स्कारबरोचा समुद्रकिनारा, तोही पावसातला.

आता मात्र तिच्या जिवाची आग आग झाली. पुढच्या स्लाइडमध्ये गाडीच्या बॉनेटवर वाफाळते दोन कप होते. त्याच्या पुढच्या स्लाइडमध्ये माधवच्या गळ्यात पिवळा मफलर. तो तिनं विणलेला नव्हता. आणि प्रत्येक फोटोत ते हसू. या घरात तो असा हसला, त्याला किती वर्षं झाली होती! तिनं फोटो काढायला घेतला की तो घड्याळ बघायचा.

अलका. तिच्याशिवाय कोण असणार? माधवच्याच डिपार्टमेंटमधली, घटस्फोट झालेली. केस आखूड. तीही कॉन्फरन्सला गेली होती. न्यू इयरला इथं जेवायला आली, तेव्हा सुलक्षणानं तिला आग्रह करकरून श्रीखंड वाढलं होतं.

दार उघडलं. माधव ओव्हरकोट घालूनच आत आला आणि भिंतीकडे बघत जागच्या जागी थांबला.

"हे फोटो कुणी काढले?" सुलक्षणानं विचारलं.

तो ओव्हरकोटाची बटणं सोडायला लागला.

"अलकानं ना? अहो, निदान खोटं तरी बोलू नका."

"अलका कॉन्फरन्स संपली त्याच दिवशी परत आली." तो सावकाश खुर्चीत बसला. "मीनलनं काढले."

मीनल. त्यांची एकुलती एक मुलगी. मेडिकल अर्धवट सोडून ती एका अमेरिकन मुलाबरोबर निघून गेली, तेव्हा या घरात पुन्हा तिचं नाव काढायचं नाही, असं सुलक्षणानंच बजावलं होतं. त्यानंतर आज पहिल्यांदा ते नाव या खोलीत कुणी उच्चारलं होतं.

"तिकडेच राहते ती. आठवडाभर तिनंच मला फिरवलं. गाडी तीच चालवायची, सारखी बडबडायची. चहासुद्धा अगदी तुझ्यासारखा करते, आलं घालून."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तिनंच शपथ घातली होती. म्हणाली, बाबा, आईला सांगू नका. आई परत नाही म्हणाली, तर मला ते दुसऱ्यांदा झेपणार नाही."

प्रोजेक्टरचा पंखा घुरघुरत होता. सुलक्षणा भिंतीकडे बघत राहिली. पोटच्या पोरीची सावली तिला ओळखू आली नव्हती. आणि माधव आठवडाभर तिच्या शेजारी बसला होता. तिची बडबड ऐकत, तिच्या हातचा चहा पीत. जिवाची आग विझली नाही. फक्त आता ती अलकावर नव्हती, नवऱ्यावर होती.

ती उठली, हॉलमध्ये गेली आणि तिनं फोन उचलला.

"नंबर सांगा."

माधव घाईघाईनं तिच्या मागे आला. "अगं, तुझा आवाज ऐकून ती फोन ठेवून देईल कदाचित."

"ठेवू दे," सुलक्षणा म्हणाली. "मी परत लावीन."