तिरफळाची बीअर

“संचिता म्हणून कोणी इथे नाही, आजी,” काउंटरवरची नम्रता म्हणाली. मथुराबाईचं विचारून पुरं व्हायच्या आधीच म्हणाली.

मथुराबाई गेली नाही. पदर खोचून ती समोरच्या उंच स्टुलावर चढली. चढताना एक चप्पल खाली पडली. ती तिने पडू दिली.

“मगे बीअर दी. सगळ्या जातीची, थोडी थोडी.”

बाजूच्या टेबलावरची पुण्याची मंडळी वळून बघायला लागली.

“काय बघतास? तुमीच पिवची असां खंय लिवलेलां आसा?”

मंडळी परत आपल्या ग्लासांकडे वळली.

सकाळी कसालहून निघाल्यापासूनचं हे चौथं ठिकाण. जिथे बीअर तिथल्या तिथे करून विकतात, अशी मालवणात दोन, वेंगुर्ल्यात एक, आणि आता आरोंद्याच्या खाडीकाठी हे. लेक संचिता यातल्याच कुठल्यातरी ठिकाणी बीअर करते, एवढंच कानावर आलं होतं. सगळीकडे विचारलं. सगळीकडे नाही म्हणाले. म्हणून सगळीकडे तिने घोट घोट पिऊन बघितली. जन्मात ओठाला न लावलेली वस्तू. माणसं नाही म्हणतील, पण पोरीच्या हाताची चव कुठे लपवतील, एवढ्या एका आशेवर ती फिरत होती.

घरी तिचा नवरा गुरुदास पडून होता. सोमवारपासून त्याच्या तोंडात पेजसुद्धा जात नव्हती. डॉक्टरने घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. डोळे उघडले की तो एकच विचारायचा, “संचिता इली?” आणि संचिताचा जुना नंबर लागत नव्हता. तीन वर्षांमागे भर अंगणात, चार माणसांदेखत, ‘दारू करणारी माज्या पोटची न्हय’ म्हणून ओरडली होती ती मथुराबाईच. हे सगळं काउंटरवरच्या या पोरीला सांगायचं तर सांगता सांगता रडू फुटलं असतं. परक्यासमोर मथुराबाई कधी रडली नव्हती.

नम्रताने लाकडी फळीवर चार चिमुकले ग्लास आणून ठेवले.

पहिला. “ह्यां तांदूळ धुतलेलां पाणी.”

दुसरा. “कोकमां बरी होती गो. फुकट घालवलास.”

नम्रताला हसू आलं. मथुराबाईने तिसरा ग्लास उचलला, घोट घेतला, आणि ग्लास तसाच ओठांशी धरून ठेवला.

ओठांना बारीक मुंग्या आल्या होत्या. तिरफळ. तिरफळ कोणीही घालेल. पण लोक ते रटरटत्या आमटीत टाकतात आणि आमटी कडू करतात. मथुराबाईच्या घरात टोप चुलीवरून उतरवायचा, मग तिरफळ घालायचं, वर झाकण ठेवायचं. सात वर्षांच्या संचिताने घाई केली तेव्हा तिच्या हातावर डाव बसला होता. या ग्लासात कडूपणाचा लवलेश नव्हता. नुसता वास, आणि ओठांवर त्या मुंग्या.

“ही कोणी केली?”

“मशीनवर होते, आजी.” नम्रता खाली बघून फडका फिरवत होती. तिच्या मागे एक स्टीलचं दार होतं. दारापलीकडे पाण्याचा पाइप चालू होता. कोणीतरी टाकी धूत होतं.

तेवढ्यात रिक्षावाला हरिश्चंद्र आत आला. हातात मोबाईल होता. तो मथुराबाईकडे न बघता म्हणाला, “काकी, घराकडसून फोन इलो. चला.”

“काय म्हणतत?”

“चला म्हणतत.”

मथुराबाईने ग्लास खाली ठेवला. काउंटरची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. मग त्या स्टीलच्या दाराकडे तोंड करून, शेतातून हाक मारावी तशा आवाजात ओरडली,

“तिरफळां उकळवलंस! कडू जहर करून ठेवलंस!”

पुण्याची मंडळी पुन्हा वळून बघायला लागली. नम्रता म्हणाली, “आजी, हळू.”

पाइपचं पाणी चालूच होतं.

“इतकां शिकवलां, सगळां मातयेत घातलंस! आवशीचो हात घेतलंस आणि कुत्रो खायत नाय असां केलंस!”

पाणी बंद झालं.

हरिश्चंद्र चप्पल उचलून तिच्या पायाशी ठेवत होता, तो तसाच वाकून राहिला.

मग दारामागून आवाज आला. तापलेला, फुटलेला, न राहवून आलेला.

“उकळवूक नाय मी! खाली उतरवल्यार घातलंय!”

मथुराबाईचे डोळे भरले. ओठ अजून झिणझिणत होते. ते तिने दाताखाली धरले, आणि जमेल तितक्या कडक आवाजात म्हणाली,

“माका नको सांगू. बापाशीक येवन सांग. तो आसा तवसर.”

स्टीलच्या दाराची मूठ अर्धी खाली आली आणि तिथेच थांबली.