ड्रायव्हरची सीट

दुपारी घरातला प्रत्येक जण सुनेशी गोड बोलू लागला, तेव्हाच तिने ओळखलं, काहीतरी आपल्या गळ्यात पडणार.

सकाळी धाकट्या दिराने गाडी एका सायकलवाल्याच्या अंगावर घातली होती आणि न थांबता घर गाठलं होतं. कुणीतरी नंबर टिपला. सायकलवाला दवाखान्यात बेशुद्ध पडला होता, आणि संध्याकाळी पोलीस जबाब घ्यायला येणार होते. दिराकडे लायसन्स नव्हतं. परीक्षेत तो दोनदा आपटला होता. वकिलांनी फोनवर सासऱ्यांना स्पष्टच सांगितलं, की अशाने विमा कंपनी हात वर करेल, भरपाईपायी राहतं घर विकावं लागेल, आणि पोरगा आत जाईल ते वेगळंच.

घरात लायसन्स दोघांकडेच. नवरा सकाळी ऑफिसात होता, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. उरली सून.

तिने ते माहेरी असताना पहिल्याच फटक्यात मिळवलेलं. सासरी मात्र किल्लीला हात लावायची सोय नव्हती. गाडी नुसती बाजूला लावू का म्हटलं, तरी नवरा म्हणायचा, तू नको, सीट हलवलीस की आमचं सेटिंग बिघडतं. दोघे भाऊ ताडमाड उंच.

आज त्याच नवऱ्याने किल्ली तिच्या हातात ठेवली. बाईमाणसाशी पोलीस नरमाईनेच वागतात, असं सासरे समजावत राहिले. दीर कोपऱ्यात मोबाइल चाळत होता.

"आणि तो शुद्धीवर आला तर?" तिने विचारलं. "त्याने बघितलं असेल ना, कोण चालवत होतं ते."

सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "नाही येत गं तो. मी तिथल्या नर्सला विचारून घेतलंय."

म्हणजे माणूस मारल्याचा गुन्हा आपल्या नावावर. तिने नवऱ्याकडे बघितलं. तो घड्याळ बघत होता.

पोलिसांनी चालवून दाखवा म्हटलं तर फजिती नको, म्हणून तिला गाडीत बसवून बघायचं ठरलं. ती तडकलेल्या काचेमागे बसली. पाय ब्रेकपर्यंत पोचेनात. क्षणभर तिला वाटलं, सुटले.

नवरा खाली वाकला. सीटखालचा दांडा ओढून त्याने सीट पुढे सरकवली, आणखी थोडी सरकवली, मग आरसाही तिच्या उंचीला लावून दिला.

"आता पोचतात?" त्याने इतक्या मायेने विचारलं, की तिच्या तोंडून हो निघून गेलं.