काडेपेट्यांचा डबा

“काडेपेटी टाका डब्यात, पाटील, मंग बैलं आत घ्या.”

लिंबाजीनं गाडीपुढं डालड्याचा रिकामा डबा धरला. गाडीवरचा सूर्यभान पाटील कुरकुरला. पेडगावाहून कापूस भरून तो पहाटेपासून गाडी हाकत आला होता आणि इथं तोंडावरच ही अडवणूक.

“उघड्या माळावर बिडीचा धूर कुनाच्या नाकात जायलाय रं?”

“बिडी न्या की. काडी तेवढी ठिवा.”

सूर्यभाननं खिशातली काडेपेटी डब्यात फेकली. जाताना ज्याची त्याला परत मिळायची. सगळ्या दिसायला सारख्याच, त्यामुळं चार काड्यांची पेटी टाकून भरलेली उचलणारे बहाद्दरही होते. लिंबाजी तिकडं काणाडोळा करायचा. विस्तव आत जाता कामा नये, बाकी कुणी काय नेलं याचं त्याला सोयरसुतक नव्हतं.

मानवतच्या वाटेवरचं हे गाव. बहात्तरच्या दुष्काळाला अजून एक साल होतं, कापूस बरा पिकत होता. हंगामात बाजाराच्या मैदानावर कापसाच्या गंज्या घराएवढ्या उंच लागायच्या. मैदानाला काट्यांचं कुंपण आणि आत जायला ही एकच वाट. गेल्या साली भरदुपारी एक गंजी पेटली. कुणाची तरी बिडी होती, कुणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही. गंजीच्या सावलीला घटकाभर पडलेला हमाल आश्रुबा, म्हणजे लिंबाजीचा थोरला भाऊ, त्यातून बाहेर आलाच नाही. त्या दिवसापासून लिंबाजीनं स्वतः बिडीला हात लावला नव्हता.

यंदा हंगामाच्या तोंडावर चावडीवर ग्रामसभा बसली, मैदानावरच्या बिडीबंदीचा विषय निघाला आणि नुसता गलका उडाला. दोन-दोन दिवस गाडीवर बसून राहायचं आणि बिडीही ओढायची नाही, मग करायचं काय, असं शेतकरी म्हणाले. तात्याराव व्यापारी म्हणाले, गाड्या दुसऱ्या बाजाराला वळतील. कुणी म्हणालं, आज बिडीला मनाई कराल, उद्या शिंकायला कराल. सगळे खो खो हसले. तेव्हा पायरीखाली बौद्धवाड्यातल्या माणसांत बसलेला लिंबाजी उभा राहिला. सभेत त्यानं आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं.

“दादाला आमी पोत्यात भरून नेला,” तो म्हणाला. “आनखी कुनाला तसं न्यायचं आसंल तर खुशाल प्या.”

बंदी मंजूर झाली. सरपंच दिनकरराव हसत म्हणाले, “तूच मागितलीस, आता तूच सांभाळ, लिंबाजी.”

जन्मभर गाव त्याला लिंब्या म्हणत आलं होतं. घरी जाऊन त्यानं सरजाबाईला, बायकोला, ही गोष्ट दोनदा सांगितली. त्यांनी ऐकलं माझं. आणि मला लिंबाजी म्हणाले. त्या रात्री भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा त्याला धड झोप लागली.

आज सूर्यभानची गाडी आत गेली न गेली तोच दिनकरराव आले. सोबत परभणीचा एक पाहुणा. दिनकररावांच्या बोटांत पेटलेली सिगारेट होती.

लिंबाजीनं डबा पुढं केला.

“सरपंच, तेवढी शिरगेट.”

“अरे, बंदी केली कुनी?” दिनकरराव पाहुण्याकडं बघून हसले आणि आत चालू लागले.

लिंबाजी दहा पावलं मागं गेला. “सरपंच, हात जोडतो. दादा हितंच...”

दिनकररावांनी वळूनही पाहिलं नाही. बाजूला सूर्यभान बैल सोडत होता. त्यानं सगळं पाहिलं आणि पुन्हा जुवाकडं वाकला.

तासाभरात पलीकडच्या गंजीतून धूर निघाला. वारं सुटलेलं. लोक पळत बाहेर आले, लिंबाजी आत धावला. कोपरापर्यंत हात घालून तो पेटता कापूस उपसत राहिला. माणूस कुणी गेलं नाही, पण तात्यारावांच्या पाच गंज्यांची राख झाली.

दिवस कलताना पोलीस जमादार आला. मैदानात खुर्ची टाकून त्यानं एकेकाला पुढं बोलावलं.

“काडेपेटी होती जवळ?”

“न्हाई, सायेब. लिंबाजीनं घेतली.”

दुसरा तेच म्हणाला. तिसराही. लिंबाजी ऐकत होता. हाताला फोड आले होते, आग होत होती, तरी त्याला बरं वाटत होतं. लोकांनी त्याचा शब्द पाळला होता. सगळ्यांचे खिसे रिकामे ठरल्यावर एकच माणूस उरत होता, आणि त्याला तर सूर्यभाननंही पाहिलं होतं. त्याला राहवेना. धावत जाऊन त्यानं आपला डबा आणला आणि जमादाराच्या पायाशी उपडा केला. काडेपेट्यांचा ढीग पडला.

“बघा, सायेब! समद्यांच्या हितं हायत. एकट्या सरपंचांनी विस्तव आत नेला. हे सूर्यभान पाटील तिथंच व्हते.”

सूर्यभान हातातल्या कासऱ्याची गाठ सोडवत राहिला. “म्या बैलं सोडायलतो,” तो म्हणाला. “माझी पेटी ह्यानं घेतली, तेवढं मला ठावं हाय.”

दिनकरराव रागावले नाहीत. त्यांनी वाकून ढिगातली एक काडेपेटी उचलली आणि कानाशी नेऊन हलवून पाहिली.

“लिहा, जमादार,” ते शांतपणे म्हणाले. “आख्ख्या मैदानात आज विस्तव व्हता, तो एकट्या लिंब्यापाशी.”