दहापैकी तीन

भाचा गेमचा समीक्षक, म्हणजे दुसऱ्यांच्या मेहनतीला गुण देण्याचा पगार घेणारा. समुद्राच्या तळाशी नुसतं पोहत हिंडायच्या नव्या गेमला त्याने दहापैकी तीन दिले आणि वर लिहिलं, "सहा तास खेळलो. शत्रू नाही, हल्ला नाही, कोणी मरतसुद्धा नाही. हा गेम आहे की फिशटँक?" खाली शंभरेक खेळाडूंनी माना डोलावल्या.

आयसीयूतली बारा तासांची ड्यूटी संपवून नर्स आत्या घरी आली, गणवेशातच सोफ्यावर बसली आणि तिने आठवडाभर रोज लावायची तोच गेम लावला.

"आत्या, तो उडवतोय मी. उगाच जागा अडवून बसलाय."

"हात लावून तर बघ! मशीन तुझं असेल, टीव्ही माझा आहे."

"अगं, सगळ्यांनी नापास केलाय त्याला!"

"सगळ्यांनी? मला कुठे विचारलंस?"

"मग लिही की तूही! कोणी अडवलंय?"

आत्याने चष्मा चढवला आणि त्याच्या तीन गुणांच्या बरोब्बर खाली एका बोटाने टाइप केलं:


"मीही सहा तास खेळले. कोणीही मेलं नाही. दहापैकी दहा."