बोळातली बाबागाडी

लेक कामावर गेली की हेमलताबाई नॉर्वेतल्या बर्गन शहरातल्या लाकडी घरांच्या बोळांतून एकट्याच भटकायच्या. आज एका दाराबाहेर बाबागाडी दिसली. आत तान्हं बाळ, टपावर भुरभुरता बर्फ आणि आसपास चिटपाखरू नाही.

कोणी टाकून गेलं की काय? बाळाचं नाक गार लागलं. "अगं बाई, गारठलंय की लेकरू!" बाळाला शालीत घेऊन त्या मदतीसाठी धावत सुटल्या.

वळणापलीकडे आणखी तीन बाबागाड्या होत्या. बाळं गाढ झोपलेली, खिडकीत आईबाप निवांत कॉफी पीत बसलेले. इथे बाळांना मुद्दाम बाहेर झोपवतात!

मागून किंकाळी आली. बाळाची आई अनवाणी धावत येत होती. हेमलताबाईंच्या तोंडून लेकीने शिकवलेला एकमेव नॉर्वेजियन शब्द निघाला. त्याचा अर्थ, "आभारी आहे".